जत्रेचा हंगाम आणि रमजान एकत्र येत आहेत: मोशी परिसरातील स्टॉलधारक आणि खरेदीदारांसाठी माहिती

दिवाळी झाली की पिंपरी-चिंचवड परिसरात जत्रा आणि प्रदर्शनांचे मंडप उभे राहू लागतात. पाऊस संपलेला असतो, हवा थंड असते आणि कंपन्यांचा बोनस हातात असतो. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हस्तकला, खाद्यपदार्थ आणि घरगुती वस्तूंच्या विक्रीचा मुख्य हंगाम मानला जातो. आपल्या मुस्लिम घरांचा दुसरा मोठा हंगाम म्हणजे रमजान आणि ईद. मसाले, शेवया, कुर्ते, दुपट्टे, अत्तर, टोप्या, मेहंदी असे काहीही घरून विकणाऱ्या बहिणीला विचारा, वर्षाची निम्मी कमाई या एका महिन्यात झाल्याचे ती सांगेल.

आजवर हे दोन हंगाम वेगवेगळे होते. २००६ मध्ये रमजान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होता, २०१६ मध्ये जूनमध्ये, तर २०२२ मध्ये एप्रिलमध्ये. म्हणजे थंडीत जत्रेची कमाई आणि वर्षात दुसऱ्या वेळी ईदची कमाई. आता मात्र रमजान सरकत सरकत थेट जत्रांच्या हंगामात येतो आहे. यापूर्वी १९९७-९८ च्या सुमारास तो डिसेंबर-जानेवारीत होता, पण तेव्हा आपल्याकडच्या आजच्या मोठ्या जत्रा सुरूच झाल्या नव्हत्या. त्यामुळे या पिढीतल्या स्टॉलधारकांना याचा अनुभव नाही. आधी तयारी केली तर दोन्ही बाजारांचा फायदा घेता येईल. नाही केली तर भांडवल, माल आणि घरातले हात, तिन्ही एकाच वेळी कमी पडतील.

तारखांचे गणित

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. पुढील तारखा अंदाजे आहेत, नेहमीप्रमाणे चाँद दिसण्यावर एक-दोन दिवस पुढे-मागे होतील.

- २०२७: रमजान ८-९ फेब्रुवारीच्या सुमारास, ईदुल फित्र १० मार्चच्या आसपास
- २०२८: रमजान २८ जानेवारीच्या सुमारास, ईद २६-२७ फेब्रुवारीला
- २०२९: रमजान १६ जानेवारीच्या सुमारास, ईद १४-१५ फेब्रुवारीला
- २०३०: रमजान ५-६ जानेवारीच्या सुमारास, ईद ४-५ फेब्रुवारीला. त्याच वर्षी २६-२७ डिसेंबरला पुन्हा रमजान सुरू होईल

म्हणजे २०२७ मध्ये जानेवारी अजून मोकळा आहे. २०२८ पासून जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या जत्रा रोजात येतील. २०३० च्या डिसेंबरमध्ये नाताळच्या सुट्टीतला बाजारसुद्धा रमजानला येऊन भिडेल.

आपल्या परिसरात काय, कुठे?

*मोशीचे प्रदर्शन केंद्र.* पुणे-नाशिक महामार्गालगत मोशी येथे पुणे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन व संमेलन केंद्राची जागा आहे. येथे दरवर्षी डिसेंबरमध्ये किसान हे मोठे कृषी प्रदर्शन भरते आणि राज्यभरातून शेतकरी येतात. हे हस्तकलेचे प्रदर्शन नाही. औद्योगिक आणि कृषी प्रदर्शनांतील जागा कंपन्यांच्या हिशेबाने विकल्या जातात, त्यामुळे घरगुती विक्रेत्याने स्टॉल घेण्याआधी गर्दी कशासाठी येते ते पाहावे. लाख माणूस आला तरी तो ट्रॅक्टर बघायला आला असेल तर भरतकामाचा दुपट्टा घेईलच असे नाही.

*पवनाथडी जत्रा.* पिंपरी-चिंचवड महापालिका महिला बचत गटांसाठी ही जत्रा भरवते. ती बहुतेकदा सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर, थंडीच्या दिवसांत असते. तारीख दरवर्षी बदलते. अर्ज महापालिकेच्या समाज विकास विभागामार्फत (जुने नाव नागरवस्ती विकास योजना विभाग) मागवले जातात आणि स्टॉल सोडतीने दिले जातात. घरून व्यवसाय करणाऱ्या बहिणींसाठी पहिली पायरी म्हणून ही सर्वांत योग्य. मात्र बचत गट नोंदणीकृत हवा, कागद वेळेत हवेत.

*इंद्रायणी थडी.* भोसरीच्या गावजत्रा मैदानावर भरणारी ही जत्रा मोशीकरांना सर्वांत जवळची. इथेही महिला बचत गटांचे स्टॉल आणि खाद्यपदार्थ यांवर भर असतो. ती दरवर्षी भरेलच असे गृहीत धरू नये, आधी चौकशी करावी.

*भीमथडी जत्रा.* बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे, सुनंदा पवार यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही जत्रा डिसेंबरमध्ये पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या सिंचननगर मैदानावर भरते. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा, पवना, इंद्रायणी या तिन्ही नद्यांच्या नावाने आपल्या भागात जत्रा आहेत. भीमथडीचा ग्राहक ग्रामीण चव आणि हाताने केलेली वस्तू शोधत येतो आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असतो.

*सोसायट्यांची प्रदर्शने.* मोशी, चिखली, प्राधिकरण भागात नवीन सोसायट्या झपाट्याने वाढल्या. दिवाळीआधी आणि नवीन वर्षाच्या सुमारास त्यांच्या क्लब हाऊसमध्ये एक-दोन दिवसांची प्रदर्शने लागतात. भाडे कमी, धोका कमी, ओळखीचा ग्राहक. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी.

*राज्याबाहेर आणि मोठ्या शहरांत.* ‘उमेद’ अभियानाचे महालक्ष्मी सरस हे बचत गटांचे मोठे प्रदर्शन मुंबईत भरते. हरियाणातील सूरजकुंड मेळा १९८७ पासून फेब्रुवारीत होतो. दिल्लीतील दिल्ली हाट १९९४ पासून बाराही महिने सुरू आहे. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘हुनर हाट’ सुरू केले होते. आता त्या मंत्रालयाच्या कौशल्य योजना ‘पीएम विकास’ नावाखाली एकत्र केल्या आहेत आणि ‘लोकसंवर्धन पर्व’ नावाने प्रदर्शने भरवली जातात.

आपल्या भागाची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे इथे शनिवार-रविवारइतकाच गुरुवार महत्त्वाचा. पगारही महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत होतात. पाच दिवसांचे प्रदर्शन महिन्याच्या २४ तारखेला असेल आणि त्यात गुरुवार येत नसेल तर विक्रीचा अंदाज थोडा कमीच धरा.

आपल्या हुनरची ओळख

या जत्रांमध्ये मुस्लिम कारागीर पाहुणे नाहीत, ते या बाजाराचे जुने मानकरी आहेत. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी हत्यारे घडवण्याचा धंदा सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली. पंढरपूर परिसरातल्या भोपळ्यांपासून बनणाऱ्या मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू कापड रेशीम आणि सुताच्या विणीचे. सीमेपलीकडे बिदरमध्ये जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार बसवून बिदरी भांडी घडतात. तिथल्या किल्ल्यातल्या मातीने त्यांना तो गडद काळा रंग येतो. या कलेसाठी शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कच्छच्या निरोणा गावातील रोगन कलेचे अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ मध्ये. लखनऊची चिकनकारी, मुरादाबादचे पितळ, कनौजचे अत्तर आपल्या ईदच्या खरेदीत नेहमीचेच.

मोशीतल्या घरगुती विक्रेतीने यातून एक धडा घ्यावा. ग्राहकाला वस्तूबरोबर तिची हकीकत हवी असते. ‘खिचड्याचा मसाला’ एवढेच पाकिटावर लिहिण्याऐवजी तो कोणत्या पदार्थाला, किती माणसांना, कसा वापरायचा हे चार ओळींत मराठीत लिहिले तर शेजारची पाटीलवहिनीही तो निर्धास्त घेते.

स्टॉल घेण्यापूर्वी लागणारे कागद

- आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो. बचत गट असेल तर नोंदणी आणि ठराव.
- उद्यम नोंदणी: ऑनलाइन आणि मोफत. यासाठी एजंटला पैसे देऊ नका.
- हस्तकला कारागिरांसाठी ‘पहचान’ ओळखपत्र: केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयातील विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून मिळते. त्यांच्या गांधी शिल्प बाजारसारख्या उपक्रमांत ते कामी येते.
- खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआय नोंदणी. तिचा १४ अंकी क्रमांक स्टॉलवर आणि पाकिटावर दिसला पाहिजे.
- बंद पाकिटावर वस्तूचे नाव, वजन, तयार केल्याची तारीख, एमआरपी, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता.
- जीएसटी: फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. मात्र बिदर किंवा कच्छहून माल आणून इथल्या प्रदर्शनात विकणाऱ्याला तात्पुरती करदाता नोंदणी घ्यावी लागू शकते. ती ९० दिवसांची असते आणि अंदाजे कर आधी भरावा लागतो. अधिसूचित हस्तकला वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे, पण पॅन आणि ई-वे बिल लागते. परगावचे नातेवाईक माल घेऊन येणार असतील तर हे आधीच विचारून घ्या.
- स्वयंपाक होणार असेल तर व्यावसायिक गॅस सिलिंडर. घरचा लाल सिलिंडर चालत नाही.
- प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात बंदी आहे. कागदी किंवा कापडी पिशव्यांचा खर्च हिशेबात धरा.

आयोजकाला पैसे देताना पावती घ्या. स्टॉलचा आकार, वीज, टेबल-खुर्ची, रद्द झाल्यास परतावा हे सर्व लेखी हवे. फक्त व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर पैसे पाठवून नंतर भांडत बसू नये.

स्टॉल परवडतो का? साधा हिशेब

समजा पाच दिवसांच्या स्टॉलचे भाडे १०,००० रुपये, टेम्पो ३,०००, मदतनीस २,५००, सजावट आणि पिशव्या २,०००, जेवणखाण आणि इतर २,५००. एकूण खर्च २०,०००. मालावर तुम्हाला विक्री किमतीच्या ४० टक्के सुटतात असे धरले, तर नुसता खर्च भरून निघायला ५०,००० रुपयांची विक्री हवी. म्हणजे दिवसाला १०,०००. एक ग्राहक सरासरी २५० रुपयांची खरेदी करतो असे मानले तर रोज ४० ग्राहक. चाळिसावा ग्राहक गेल्यानंतर तुमची कमाई सुरू होते. स्वतःची मेहनत यात धरलेलीच नाही. आकडे तुमचे टाका, पण कागदावर मांडल्याशिवाय स्टॉल बुक करू नका.

उरलेल्या मालाचाही विचार हवा. बरीच घरे जकातीचा हिशेब रमजानमध्ये करतात. जत्रेतून परत आलेला विक्रीचा माल त्या दिवसाच्या बाजारभावाने जकातीच्या हिशेबात येतो. त्यामुळे जत्रा संपल्या संपल्या मालाची यादी करून ठेवली की दोन्ही कामे होतात.

भांडवल: व्याजाचा प्रश्न

दोन्ही हंगाम एकत्र आले की कच्चा माल एकदमच भरावा लागेल. इथे आपल्या अनेक घरांची अडचण पैशाची असतेच, शिवाय व्याजाचीही असते. त्यामुळे योजना नीट वाचाव्यात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, कुंभार, लोहार, टोपल्या-चटया विणणारे, खेळणी बनवणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. तिच्यात ५ टक्के दराने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचे कर्ज आहे. पण कर्ज घेणे बंधनकारक नाही. प्रशिक्षण, त्या काळातला रोजचा ५०० रुपये भत्ता आणि १५,००० रुपयांपर्यंतचे अवजारांचे व्हाउचर कर्ज न घेताही मिळवता येते. ‘व्याज आहे म्हणून आपल्यासाठी नाही’ असे म्हणून अनेकजण पूर्ण योजनाच सोडून देतात, ते नुकसानीचे आहे.

पदपथावर विक्री करणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी आहे, तिचे टप्पे आता १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपयांचे आहेत. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही कर्ज देते. कोणते घ्यायचे, कोणते नाही याबाबत आपल्या आलिमांना विचारावे. मोहल्ल्याच्या बैतुलमालांनाही एक सूचना: जकातीच्या वाटपाबरोबर, हंगामाच्या तीन महिने आधी दहा-पंधरा भगिनींना २०-२५ हजारांचे कर्ज-ए-हसना दिले, तर ते पैसे ईदनंतर परत येतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा फिरतील.

रोजा आणि स्टॉल

जानेवारीत इफ्तार साधारण सव्वासहाच्या सुमारास होईल, फेब्रुवारीत साडेसहाच्या आसपास. जत्रेत गर्दी चढते ती नेमकी सहा ते नऊ या वेळात. त्यातच मगरिब, मग इशा आणि तरावीह. त्यामुळे एकट्याने स्टॉल चालवायचा विचार सोडून द्या. दोन घरांनी मिळून एक स्टॉल घ्यावा, भाडे निम्मे होते आणि पाळी लावता येते. शेजारच्या स्टॉलवाल्या ताईंना आधी सांगून ठेवले तर पंधरा मिनिटे त्या सहज लक्ष देतात, त्यांच्या आरतीच्या वेळी आपण द्यावे. आयोजकाला अर्जासोबतच नमाजासाठी कोपरा आणि वजूला पाणी मिळेल का, हे नम्रपणे विचारा. थंडीतला रोजा लहान असतो, दिवसभर उभे राहणे मे महिन्याइतके जड जाणार नाही.

इबादतीच्या मोसमात व्यापार करावा का, हा संकोच नवा नाही. उकाझसारखे अरबांचे जुने बाजार हजच्या दिवसांत भरत. इस्लाम आल्यावर त्या दिवसांत व्यापार करायला लोक कचरू लागले, तेव्हा सूरह बकराच्या १९८ व्या आयतीने रोजी शोधण्यात गुन्हा नाही हे स्पष्ट केले. सूरह जुमुआमध्ये अजान झाली की व्यवहार थांबवण्याचा आणि नमाज झाली की पुन्हा रोजीच्या शोधात निघण्याचा हुकूम आहे. म्हणजे दोन्हींना आपापली वेळ आहे. ती वेळ आपण आधी ठरवायची, गर्दीवर सोडायची नाही.

स्टॉल नाकारला गेला तर

हा विषय टाळून चालणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथे कानिफनाथ यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करण्याचा ठराव ग्रामसभेत झाला. पाथर्डीच्या गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द ठरवला. संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे आणि कलम १५ शासनाला धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करते. महापालिका किंवा शासनाच्या जत्रेत अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा, अर्जाची पोच जपून ठेवा आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. मैदानावर वाद घालू नका, व्हिडिओ व्हायरल करण्याची घाई करू नका. कागद असेल तर पुढची लढाई सोपी जाते. बहुतेक ठिकाणी ही वेळ येत नाही हेही तितकेच खरे. गावजत्रेत आणि उरुसात पिढ्यान् पिढ्या एकमेकांची दुकाने लागत आली आहेत.

खरेदीदारांसाठी

ईदची खरेदी जत्रेत करायची असेल तर ती रमजान सुरू होण्याआधी करा. दर बरे असतात आणि इबादतीचा वेळ वाचतो. काही खुणा:

- चिकनकारी: कापड उलटे करून पाहा. हातकामात मागे गाठी आणि थोडा अनियमितपणा दिसतो. मशीनचे टाके एकसारखे असतात.
- ठसेछपाई: हाताच्या ठशांत जोड थोडे सरकलेले दिसतात. अस्सल अजरखमध्ये रंग कापडात मुरलेला असतो, अनेकदा दोन्ही बाजूंनी छापलेला असतो.
- हातमाग आणि रेशीम: हँडलूम मार्क आणि सिल्क मार्क पाहा.
- खाद्यपदार्थ: एफएसएसएआय क्रमांक आणि तारीख पाहा. मांसाहारी पदार्थ हलाल आहे का हे विचारायला लाजू नका.
- बिल मागा. बिल नसेल तर विक्रेत्याचे नाव, फोन आणि यूपीआय पावती जपा.

घासाघीस करताना एक ध्यानात ठेवा. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, चार दिवस लागलेल्या भरतकामावर शंभर रुपये कमी करायला अर्धा तास घालवतो. विक्रेत्यांनीही खोट दाखवून माल द्यावा. पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. शिवण उसवलेला कुर्ता वर ठेवून कमी भावात विकला तर तोच ग्राहक पुढच्या वर्षी परत येतो.

मागून पुढे मोजा: २०२८ चे उदाहरण

रमजान २८ जानेवारीच्या सुमारास धरला तर कामे अशी लावता येतील.

- जुलै-ऑगस्ट २०२७: बचत गटाची कागदपत्रे, उद्यम, एफएसएसएआय. कर्ज-ए-हसनाची बोलणी.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: कच्चा माल, जत्रांची चौकशी आणि अर्ज. दिवाळीच्या सोसायटी प्रदर्शनात नमुना विक्री.
- नोव्हेंबर: जत्रेचा माल तयार, ईदचा निम्मा माल तयार.
- डिसेंबर ते जानेवारीचा मध्य: जत्रा. इथेच ग्राहकांचे नंबर लिहून घेऊन ईदच्या ऑर्डर घ्या.
- १५ जानेवारीनंतर: नवीन स्टॉल बंद. घरून आणि मोहल्ल्यातून फक्त ऑर्डर पूर्ण करणे.
- ईदनंतर: हिशेब, उधारी वसुली, घेतलेले पैसे परत.

दरवर्षी हे सर्व टप्पे १०-११ दिवस अलीकडे सरकवायचे. घरातल्या शाळकरी मुलांना हे वेळापत्रक करायला सांगा. त्यांचे गणित पक्के होईल आणि आईची कमाई किती कष्टाची आहे, तेही त्यांना कळेल.